दीडशे मीटर रस्ता, फूटभर बर्फ आणि ४५ एचपीचा ट्रॅक्टर

पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करणारे विद्यार्थी भेटले की मी हल्ली त्यांना एक प्रश्न घालते. तुम्हालाही घालते, पुढे वाचण्याआधी दोन मिनिटं कागद-पेन घेऊन बसा.

एका थंड देशात गावाबाहेर एक घर आहे. मोठ्या रस्त्यापासून घराच्या दारापर्यंतचा खासगी रस्ता १५० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद. रात्रभरात ३० सेंटीमीटर, म्हणजे फूटभर बर्फ पडलाय. दारात ट्रॅक्टर उभा आहे, त्याला पुढे बर्फ ढकलायचं पातं लावलंय. हा रस्ता मोकळा करायला किती एचपीचा ट्रॅक्टर लागेल?

माणिकपुरात राहून असला प्रश्न कशाला, असं वाटेल. आपल्याकडे बर्फ फक्त मच्छीच्या पेटीत आणि गोळेवाल्याकडे. पण तेच तर हवंय. जी गोष्ट आपण पाहिलेली नाही, तिच्याबद्दल 'मला माहितीय' हा भ्रम नसतो, त्यामुळे विचार कसा करायचा ते उघडं दिसतं. आणि शेवटी मी तुम्हाला अंबाडी रोडवर आणणारच आहे, काळजी नको.

आधी वजन. १५० गुणिले ३ गुणिले ०.३ म्हणजे १३५ घनमीटर बर्फ. आता त्याची घनता. इथे बरेच जण बर्फाची घनता पाण्याच्या नव्वद टक्के धरतात आणि सव्वाशे टनांवर पोचतात. ती झाली लादीच्या बर्फाची घनता. आकाशातून पडलेला भुसभुशीत ताजा बर्फ म्हणजे बहुतेक हवाच, त्याचा घनमीटर साधारण १०० किलो भरतो. कोरडा असेल तर ५०, जरा ओलसर असेल तर दीडशे. दाबला गेलेला, ओला बर्फ ३०० ते ४०० किलोपर्यंत जातो. आपण ताजा बर्फ धरू, १०० किलो. म्हणजे रस्त्यावर साडेतेरा टन माल पडलाय. (इथेच एक सवय लावून घ्या: कुठलाही आकडा धरताना त्याच्या शेजारी 'किती ते किती' हेही लिहायचं. नुसतं '१००' लिहिलेला कागद सहा महिन्यांनी तुमचा तुम्हालाच कळत नाही.)

आता ट्रॅक्टर. आपल्याकडे भाताच्या शेतात दिसतो तसा ४५ एचपीचा, साधारण २ टनांचा, फक्त मागची चाकं ओढणारा. प्रश्नात एचपी विचारलाय म्हणून सगळे एचपीमागे धावतात. पण इंजिनाने कितीही जोर लावला तरी तो जमिनीपर्यंत पोचतो चाकांतून, आणि चाक जमिनीला जितकं धरतं तितकाच. मागच्या चाकांवर वजन अंदाजे ६० टक्के, म्हणजे १,२०० किलो. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.७च्या आसपास असतो, तेव्हा ट्रॅक्टर साडेआठशे किलोच्या वजनाइतका जोर लावू शकेल. दाबल्या गेलेल्या बर्फावर हाच गुणांक ०.२च्या घरात येतो. म्हणजे २४० किलो. निसरड्या काचेसारख्या बर्फावर ०.१, म्हणजे फक्त १२०.

२४० किलोचा जोर, वेग सेकंदाला २ मीटर (ताशी सातेक किलोमीटर, जोरात चालण्याइतका). जोर गुणिले वेग केलं की शक्ती मिळते: पावणेपाच किलोवॅट, म्हणजे साधारण साडेसहा एचपी. ट्रॅक्टर आहे ४५चा आणि जमिनीवर उतरतायत साडेसहा! उरलेले साडेअडतीस एचपी चाकं जागच्या जागी फिरवायला मोकळे आहेत. तुम्ही ६० एचपीचं इंजिन आणलंत, ९०चं आणलंत, तरी वजन आणि चाकं तीच असतील तर बर्फ तसूभरही जास्त हलणार नाही.

चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरला लोखंडी चाकं लावलेली तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील. चिखलात रबरी टायर नुसता घसरतो, म्हणून ती तजवीज. बर्फातला माणूस तेच करतो, टायरवर साखळ्या चढवतो. आपले शेतकरी वजन वाढवायला टायरात पाणी भरतात. तिथे साधं पाणी गोठेल, म्हणून कॅल्शियम क्लोराइडसारख्या क्षाराचं द्रावण भरतात. चारही चाकं ओढणारा ट्रॅक्टर असेल तर सगळं २ टन वजन कामाला येतं आणि २४०चे ४०० किलो होतात. म्हणजे प्रश्नाचं उत्तर 'किती एचपी' हे नसून 'चाकांवर किती वजन आणि चाकाखाली काय' हे आहे. विचारलेल्या प्रश्नातच चुकीचं एकक होतं.

हे मी मुद्दाम एवढं लांबवलं. सिनॉप्सिस लिहिताना आपण शीर्षकात जे चल घालतो ते बहुतेक वेळा आपण निवडलेलं नसतं. ते यंत्राच्या जाहिरातीतून, आधीच्या प्रबंधाच्या शीर्षकातून किंवा सरांच्या बोलण्यातून आलेलं असतं. चार वर्षं एचपी मोजत बसलात आणि पाचव्या वर्षी कोणीतरी 'घर्षणाचं काय?' असं विचारलं, तर तोपर्यंत फेलोशिपही संपलेली असते. कागदावरचं दहा मिनिटांचं गणित हे त्याआधीच सांगतं.

बरं, पुढे चला. ट्रॅक्टर निघाला, पातं २ मीटर रुंद, सरळ आडवं लावलेलं. दर मीटरला पात्यासमोर २ गुणिले ०.३ गुणिले १०० म्हणजे ६० किलो बर्फ गोळा होतो. ढिगाचं जमिनीशी घर्षण ०.३ धरलं, तर दर मीटरला १८ किलो विरोध वाढतो. २४० भागिले १८: तेरा मीटर. दीडशे मीटरच्या रस्त्यावर तेराव्या मीटरला ट्रॅक्टर थांबला, चाकं गरागरा फिरतायत. बर्फ ओला, ३०० किलोचा असेल तर साडेचार मीटरलाच. आणि बर्फातून स्वतः पुढे जायला ट्रॅक्टरला जो जोर लागतो तो मी धरलेलाच नाही, म्हणजे प्रत्यक्षात गाडी त्याहून आधी अडेल.

मग लोक हा रस्ता साफ करतात तरी कसा? पातं तिरकं लावून. तिरक्या पात्यावरून बर्फ बाजूला घरंगळतो, समोर साठत नाही, विरोध वाढत जात नाही. बर्फ पुढे नेण्याची गरजच नव्हती, बाजूला सारायची होती. आणखी एक गंमत: रस्त्याला शंभर मीटरला पाच मीटर चढ असेल तर चढताना ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनापायीच १०० किलोचा जोर खर्च होतो, २४०चे उरतात १४०. तोच उतरताना धरा, ३४०. म्हणून शक्य असेल तिथे वरून खाली ढकलतात. हे तिथल्या अनुभवी माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. आपल्याला मात्र गणितातून तिथवर पोचावं लागतं.

पण तिरक्या पात्याने नवा प्रश्न उभा राहतो. बाजूला सारलेला बर्फ कुठे जातो? कुठेच नाही, तिथेच राहतो. मिठागरातल्या मिठाच्या राशीसारखा दोन्ही कडांना बांध तयार होतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा फूटभर पडला की त्याला जायला जागा कमी, बांध आत सरकतो, ३ मीटरचा रस्ता अडीचचा होतो. त्यात तो बांध रात्रीत कडक होऊन बसतो, मग पात्याला हलत नाही. म्हणून जाणकार माणूस हिवाळ्याच्या पहिल्याच बर्फात कडा लांबवर मागे रेटून ठेवतो, रस्त्याच्या गरजेपेक्षा जास्त. जानेवारीतल्या बर्फाची जागा तो डिसेंबरात करून ठेवतो.

दुसरा उपाय म्हणजे बर्फ फेकणारं यंत्र. ते ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालतं, फिरत्या पात्यांनी बर्फ खातं आणि धुराड्यासारख्या नळीतून लांब उडवतं. इथे इंजिनाची शक्ती चाकांतून न जाता थेट यंत्रात जाते, त्यामुळे अडकून पडलेले ते साडेअडतीस एचपी मोकळे होतात. एचपीचा प्रश्न इथे बरोबर ठरतो! तेव्हा 'एचपी महत्त्वाचा की नाही' असं विचारणाऱ्याला 'कुठल्या पद्धतीत' असा उलटा प्रश्न करावा लागतो.

'वितळवून का टाकत नाही?' हाही प्रश्न हमखास येतो, विशेषतः रसायनशास्त्रवाल्यांकडून. साडेतेरा टन बर्फ वितळवायला किलोला ३३४ किलोज्यूल, म्हणजे एकूण साडेचार अब्ज ज्यूल उष्णता लागेल. डिझेलच्या भाषेत सव्वाशे लिटर, तेही एक थेंब वाया न घालवता. मीठ उष्णता देत नाही, फक्त गोठणबिंदू खाली आणतं. पात्याने खरवडल्यावर उरलेल्या पातळ थरासाठी ते ठीक, फूटभर थरासाठी नाही.

आता हेच मोठ्या प्रमाणावर पाहा. आपल्या देशात हे काम सीमा रस्ते संघटना करते. तिच्या कामगारदलाचं, म्हणजे ग्रेफचं, केंद्र आणि अभिलेख कार्यालय पुण्याच्या दिघी कॅम्पात आहे. जोजिलावर डोझर चालवणाऱ्याची सेवापुस्तिका इथे महाराष्ट्रात सांभाळली जाते, हे मला फार आवडतं. श्रीनगर–कारगिल–लेह रस्त्यावरची जोजिला खिंड साडेअकरा हजार फुटांच्या वर आहे. सोनमर्गकडून 'बीकन' आणि द्रासकडून 'विजयक' हे दोन प्रकल्प तिथला बर्फ दोन्ही बाजूंनी कापत येतात. तिथे नुसता पडलेला बर्फ नसतो, कड्यावरून कोसळलेल्या हिमकड्यांचा राडा असतो, घट्ट, दगडगोटे आणि झाडांचे बुंधे घेऊन आलेला. त्यात फेकणारं यंत्र घातलं तर त्याची पाती तुटतील. म्हणून आधी पट्ट्यांवर चालणारा डोझर, ज्याचं वजनही जास्त आणि पकडही, आणि जिथे बर्फ स्वच्छ आहे तिथे स्नो कटर. बर्फ टाकायला दरीची बाजू मिळते, पण खाली वळणावळणाने तोच रस्ता असेल तर वरून टाकलेला बर्फ पुन्हा आपल्याच रस्त्यावर.

जोजिला बंद म्हणजे त्या वाटेने लडाखला जाणारी भाजी, औषधं, इंधन, फौजेचा शिधा, सगळं बंद. म्हणून खिंड किती दिवस बंद राहिली हा आकडा दरवर्षी जाहीर होतो. पूर्वी ती पाच-सहा महिने बंद असायची. २०२३ मध्ये ६८ दिवस, २०२४ मध्ये ३५, २०२५ मध्ये ३२.

आता संशोधक म्हणून बसा. या आकड्यांवरून 'बर्फ हटवण्याची कार्यक्षमता दोन वर्षांत दुप्पट झाली' असं लिहाल का?

मी लिहिणार नाही. २०२४च्या जानेवारीत काश्मीर जवळजवळ कोरडं होतं, गुलमर्गचे उतार उघडे पडल्याच्या बातम्या तुम्हीही पाहिल्या असतील. म्हणजे 'बंद दिवस' या एका आकड्यात निदान तीन गोष्टी मिसळल्यात: बर्फ किती आणि केव्हा पडला, माणसं आणि यंत्रं किती लावली, आणि किती धोका असताना रस्ता 'खुला' म्हणायचं ठरवलं. एकेरी, साखळ्या लावलेल्या गाड्यांसाठी खुला की सगळ्यांसाठी? या तिन्ही वेगळ्या केल्याशिवाय श्रेय कोणालाच देता येत नाही, यंत्रालाही नाही आणि हवामानबदलालाही नाही. याचा अर्थ तिथल्या कामगारांचं काम कमी आहे असा मुळीच नाही. उलट त्यांचं काम नीट मोजायचं असेल तर 'दर यंत्रतासाला किती टन बर्फ हलवला' अशा आकड्याकडे जावं लागेल, आणि तिथे पुन्हा घनता आलीच. माझ्या मते एखाद्या स्थापत्य किंवा भूगोलाच्या विद्यार्थ्याने घ्यावा असा हा विषय आहे.

अजून एक पायरी मागे जाऊ. बर्फ रस्त्यावर येतो कुठून? वरून पडतो हे खरं, पण उघड्या माळरानावर बराचसा वाऱ्याबरोबर आडवा येतो. अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये १९७० साली इंटरस्टेट ८० या महामार्गाचा नवा पट्टा खुला झाला आणि पहिल्याच हिवाळ्यात वाहून आलेल्या बर्फाने त्याची दैना केली. तिथे रोनाल्ड टॅबलर या जलशास्त्रज्ञाने आणखी यंत्रं मागितली नाहीत. १९७१पासून रस्त्यापासून दूर, वाऱ्याच्या दिशेला फळ्यांची कुंपणं उभारली गेली. कुंपण भरीव नको, निम्मं मोकळं हवं. वारा त्यातून जाताना मंदावतो आणि बर्फ कुंपणाच्या पलीकडे टाकून देतो. हा ढीग कुंपणाच्या उंचीच्या साधारण ३५ पट लांब पसरतो, म्हणून २ मीटरचं कुंपण रस्त्यापासून ७० मीटर तरी दूर हवं. जवळ बांधलंत तर ढीग नेमका रस्त्यावर. असं अडवणं हे नंतर उपसण्यापेक्षा कित्येक पटींनी स्वस्त पडतं.

चला, आता घरी. तोच १५० मीटर रस्ता, तीच ३ मीटर रुंदी, तीच फूटभर उंची, पण माणिकपुरात, जुलैत, आणि बर्फाच्या जागी पाणी. आकारमान तेच, १३५ घनमीटर. वजन मात्र १३५ टन, बरोब्बर दहापट. सोसायटीच्या गेटवर पंप लावला, मिनिटाला १,००० लिटर काढणारा. सव्वादोन तासांत रस्ता कोरडा व्हायला हवा. होतो का?

नाही होत. कारण बर्फाच्या रस्त्यावर प्रामुख्याने त्या रस्त्यापुरताच बर्फ पडला होता, आणि पडला तिथेच थांबला होता. पाणी आजूबाजूच्या सगळ्या छपरांवरून, अंगणांतून, वरच्या रस्त्यांवरून वाहत येतं. समजा २ हेक्टरचं पाणी या सखल तुकड्याकडे येतंय आणि तासाला २० मिलिमीटर पाऊस आहे. तासाला ४०० घनमीटर पाणी पडलं, त्यातलं ८० टक्के वाहून आलं तर ३२०. पंप काढतोय तासाला ६०. पाच पंप लावले तरी पुरत नाहीत. शिवाय बर्फ बाजूला ढकलला की तिथे राहत होता. पाणी ज्या गटारात टाकलं ते गटार भरतीच्या वेळी खाडीकडे उघडत नसेल तर तेच पाणी चेंबरमधून परत वर येतं. 'कुठे टाकायचं' हा प्रश्न बर्फात जागेचा होता, इथे तो वेळेचा होतो.

जुलै २०१८ आठवतो ना? वसई-विरार पट्ट्यात रेल्वे थांबली, मिठागरातल्या वस्तीत माणसं अडकली, एनडीआरएफला यावं लागलं. अशा दिवसांत रिक्षा बंद पडते आणि उंच चाकांचा ट्रॅक्टर-ट्रॉली माणसं वाहायला लागतो. पाणी हटवायला मात्र तो काही करू शकत नाही. त्या पुरानंतर महापालिकेने आयआयटी मुंबई आणि नीरी यांच्याकडून अभ्यास करून घेतला, आणि त्यातून पुढे आलेला शब्द म्हणजे धारण तलाव: पाणी खाडीकडे जाऊ शकत नाही तेवढे तास त्याला थांबायला जागा. वायोमिंगचं कुंपण आणि वसईचा धारण तलाव हे एकाच विचाराचे दोन चुलत भाऊ आहेत. आणि मिठागरं, खाजण, भातखाचरं ही इतकी वर्षं न सांगता तेच काम करत होती. त्यांच्यावर भराव पडला की फुकटचं कुंपण गेलं.

तेव्हा 'माणिकपूरमधील पाणी निचऱ्यासाठी पंपांची क्षमता' असा विषय घेऊन कोणी आलं तर मी पुन्हा एचपीचीच आठवण करून देईन. त्याऐवजी हे बघा: एकाच सखल रस्त्यावरची पाण्याची उंची दर पंधरा मिनिटांनी, शेजारच्या गच्चीवरचा पाऊस त्याच वेळी, आणि भरती-ओहोटीची वेळ. तिन्ही एका आलेखावर ठेवले की पाणी पावसाबरोबर चढतं की भरतीबरोबर, आणि उतरताना कोणाची वाट बघतं, ते दिसेल. दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणजे भरतीची वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. पावसाला असं काही वेळापत्रक नाही. त्यामुळे एका पावसाळ्यात मुसळधार पाऊस आणि ओहोटी, मुसळधार आणि भरती, रिमझिम आणि भरती, असे सगळे जोड आपोआप मिळतात. निसर्गाने तुमच्यासाठी प्रयोगाची मांडणी करून दिलीय, फक्त नोंद करणारं कोणी हवं.

साहित्य फार लागत नाही. सरळ बाजूंचा डबा आणि पट्टी घेऊन पर्जन्यमापक बनवा. तळाशी निमुळता डबा नको, आकडा चुकतो. भिंतीवर ऑइलपेंटने सेंटीमीटरच्या खुणा करा, पण आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा. भरतीच्या तक्त्यात मुंबईची वेळ मिळेल, ती वसई खाडीला तशीच लावू नका. एखाद्या कोरड्या दिवशी खाडीच्या धक्क्यावर उभं राहून फरक किती मिनिटांचा आहे ते आधी स्वतः बघून घ्या, कोळीवाड्यात विचारलंत तर ते घड्याळ न बघताही सांगतील. खुणा मेअखेरपर्यंत करून ठेवा. पहिला मोठा पाऊस रात्रीच येतो, आणि तेव्हा रंग वाळत नाही.